विरजणाशिवाय दही लागत नाही : पेशीचं पटल येतं कुठून?

खाजनकाठ

मी फोंड्याजवळच्या एका उच्च माध्यमिक विद्यालयात जीवशास्त्र शिकवतो. सध्या बोर्डाच्या परीक्षेआधीची उजळणी चालली आहे. परवा फळ्यावर पेशीपटलाचं नेहमीचं चित्र काढलं. गोल डोकी, प्रत्येकाला दोन शेपट्या, अशा दोन ओळी समोरासमोर, शेपट्या आतल्या बाजूला. वर्षभर फारशी न बोललेली एक मुलगी मागच्या बाकावरून म्हणाली, "सर, एका पेशीच्या दोन होतात तेव्हा हे वरचं कातडं पुरतं कसं? ताणतं की नवं येतं? आणि नवं येत असेल तर ते करतं कोण?"

प्रश्न अगदी सरळ आहे. एक गोळा घेऊन त्याच मापाच्या मालातून दोन सारखे गोळे वळले, तर दोघांचं मिळून पृष्ठफळ २६ टक्क्यांनी वाढतं. पुढे ते दोघे मूळच्या आकाराचे होणार म्हणजे पृष्ठफळ दुप्पट. पटल तर जेमतेम ५ नॅनोमीटर जाडीचं आणि ताण सोसण्यात फार कच्चं, थोडं जास्त ओढलं की फाटतं. तेव्हा नवं बनवण्यावाचून गत्यंतर नाही. पाठ्यपुस्तकात याचं उत्तर एका ओळीत आहे : "गुळगुळीत आंतर्द्रव्यजालिकेत मेदांचं संश्लेषण होतं." (आंतर्द्रव्यजालिका म्हणजे पेशीच्या आत पसरलेलं पटलांचं जाळं.) डीएनएची प्रत कशी निघते यावर आम्ही आठवडा घालवतो, प्रथिनं कशी विणली जातात यावर दुसरा. आणि ज्या पटलावाचून पेशी ही पेशीच राहत नाही, त्याच्या वाट्याला ही एक ओळ. मुलीला म्हटलं, दोन दिवस दे. ते दोन दिवस वाचण्यात गेले. जे हाती लागलं ते इथे मांडतो, चुकलं तर जाणकारांनी सांगावं.

आधी आकडे. एक मायक्रोमीटर लांब-रुंद पटलाच्या तुकड्यात साधारण ५० लाख मेदरेणू असतात. प्राण्याच्या लहानशा पेशीच्या नुसत्या बाहेरच्या पटलात ते १०० कोटींच्या घरात जातात. आणि बाहेरचं पटल म्हणजे पेशीतल्या एकूण पटलांचा किरकोळ भाग. यकृताच्या पेशीत तर ते सगळ्या पटलांच्या २ टक्के भरतं, निम्म्याहून अधिक पटल एकट्या आंतर्द्रव्यजालिकेचं. म्हणजे फळ्यावर आपण काढतो तो घराचा गडगा, घर आतच राहून जातं.

आता फॉस्फोलिपिड, म्हणजे पटलातला तो डोकं-शेपट्यांचा मेदरेणू, कसं बनतं ते. कणा ग्लिसरॉलचा, तीन कार्बनांचा. तो येतो साखर फुटताना मधल्या पायरीवर तयार होणाऱ्या रेणूपासून, म्हणजे दुपारी जेवलेल्या भातापासून म्हणा. मेदाम्लं काही जेवणातून मिळतात, काही पेशी स्वतः दोन-दोन कार्बन जोडत १६ कार्बनांपर्यंत वाढवते. कण्यावर एक मेदाम्ल चढतं, मग दुसरं. तिसऱ्या कार्बनावर फॉस्फेट आधीपासून असतंच. हा झाला फॉस्फॅटिडिक आम्ल नावाचा रेणू. इथे तिठा लागतो. एका वाटेने गेलं की फॉस्फेट सुटतं, डायग्लिसराइड उरतं. त्याला तिसरं मेदाम्ल जोडलं तर साठवणीची चरबी होते, फॉस्फेटसह कोलीन नावाचा छोटा रेणू जोडला तर फॉस्फॅटिडिलकोलीन, म्हणजे आपल्या पटलांतला सगळ्यांत मोठ्या वाट्याचा रेणू. दुसऱ्या वाटेने इनॉसिटॉलवाला रेणू आणि तंतुकणिकेचं (पेशीतल्या ऊर्जा बनवणाऱ्या मायटोकॉन्ड्रियाचं) कार्डिओलिपिन तयार होतं.

कोलीन मात्र असंच येऊन चिकटत नाही. आधी त्याला फॉस्फेट लागतं, मग ते सीटीपी या एटीपीच्याच जातीतल्या रेणूच्या सायटिडीनवर चढतं आणि तिथून डायग्लिसराइडवर उतरतं. हे १९५० च्या दशकात शिकागोत यूजीन केनेडी आणि त्यांचे सहकारी सॅम्युएल वाइस यांनी उलगडलं. ते कसं, ते सांगितल्याशिवाय मला राहवत नाही. प्रयोगात ऊर्जेसाठी एटीपी घालायचे. बाजारात मिळणारं साधं एटीपी घातलं की फॉस्फोलिपिड बनायचं. शुद्ध, स्फटिकरूप एटीपी घातलं की काहीच नाही. माणूस अशा वेळी शुद्ध माल वापरला म्हणून निर्धास्त होतो आणि जुन्या निकालावर काट मारतो. केनेडींनी उलट विचार केला : ज्या मालाने काम होतं त्यात एटीपीखेरीज आणखी काय आहे? त्यात सीटीपीची भेसळ निघाली. काम करणारं खरं तेच होतं. १९५६ साली ते छापून आलं आणि ही वाट आज केनेडींच्या नावाने ओळखली जाते. माझ्या मुलांना मी हे दर वर्षी सांगणार आहे. प्रयोगवहीत "काहीतरी चुकलं असेल" असं लिहून पान उलटू नका, आधी त्या बाटलीत काय होतं ते बघा.

आणि आता ज्यासाठी धागा काढला ती गोष्ट. या कामातली शेवटची एन्झाइमं कुठे असतात? आंतर्द्रव्यजालिकेच्या पटलातच रुतलेली. नवा रेणू तयार होतो तो आधीच्या पटलात, दोन जुन्या रेणूंच्या मधे. पेशी कुठेतरी कोपऱ्यात बसून कोरं पटल रचत नाही. आहे त्यात भर घालते, ते वाढतं, त्यातून बुडबुड्यांसारख्या पुटिका सुटतात आणि दुसरीकडे जाऊन मिळतात. म्हणजे आपल्या घरातल्या विरजणासारखं. आईने लग्नानंतर आजीकडून वाटीत आणलेलं विरजण आमच्याकडे ४० वर्षं चाललं. त्या पहिल्या वाटीतला कण आज राहिलेला नाही, पण मधे एकाही दिवशी ते तुटलेलं नाही. तसंच माझं-तुमचं पटल आईच्या बीजांडातल्या पटलापासून न तुटता आलेलं आहे, आईचं तिच्या आईकडून, आणि ही ओळ मागे जाते ती थेट पहिल्या पेशींपर्यंत. डीएनएचा वारसा सगळ्यांना माहीत असतो. हा दुसरा वारसा मला तरी इतकी वर्षं शिकवूनही दिसला नव्हता.

पोफळ

सर, फार सुंदर. विरजणाचं वाचून डोळ्यांसमोर आलं ते आमच्या आईचं मातीचं बुडकुलं. एक शंका. अंड्याच्या बलकातलं लेसिथिन म्हणतात ते हेच का? आमच्याकडे नाताळात शेजारून बेबिंका येते. तिच्यात एवढे बलक, वर नारळाचं दूध आणि तूप, तरी फाटत नाही ती लेसिथिनमुळे असं कुठेसं वाचलं होतं.

खाजनकाठ

हो पोफळताई, तेच. फ्रेंच औषधशास्त्रज्ञ गोब्ले याने ते बलकातून वेगळं काढलं आणि १८५० मध्ये ग्रीक भाषेतल्या बलकाच्या शब्दावरून त्याला लेसिथिन नाव दिलं. आज आपण त्यातल्या मुख्य रेणूला फॉस्फॅटिडिलकोलीन म्हणतो. डोकं पाण्याला धरतं, शेपट्या तेलाला, म्हणून तूप नि रस एकजीव राहतात. बेबिंकेच्या पिठात हे काम बलकातली प्रथिनंही करतात, श्रेय एकट्या लेसिथिनला देऊ नये. पण विचार करा, बलक म्हणजे पिल्लाची शिदोरी. तीन आठवड्यांत एका पेशीपासून अख्खं पिल्लू उभं राहायचं तर किती पटल लागेल! त्याचा कच्चा माल कोंबडीने आधीच बांधून दिलेला असतो.

सूक्ष्मदर्शी

धागा आवडला. मी जीवरसायनात संशोधन केलेला माणूस आहे, म्हणून एक आक्षेप स्पष्टपणे मांडतो. विरजणाची उपमा गोड आहे, पण अर्धीच बरोबर आहे. १९६० च्या दशकात अ‍ॅलेक बँगहॅम यांनी लेसिथिन नुसतं पाण्यात सोडलं आणि इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं, तर आपोआप दुपदरी पटलाच्या बंद पिशव्या तयार झालेल्या होत्या. त्यांनाच आज लायपोसोम म्हणतात, औषधं भरून शरीरात सोडायलाही वापरतात. त्या पिशव्यांना कुणी विरजण लावलं नव्हतं. फॉस्फोलिपिड पाण्यात पडलं की शेपट्या पाणी टाळतात आणि दुपदर आपसूक जमतो. तेव्हा "पटलातूनच पटल" हा पदार्थविज्ञानाचा नियम नव्हे. तुम्ही तो तसा मांडलात तर मुलं चुकीचं शिकतील.

खाजनकाठ

आक्षेप मान्य. मी "कोरं पटल रचता येत नाही" असं सुचवलं असेल तर ते दुरुस्त करतो. पण एक विचारतो. बँगहॅमना तयार लेसिथिन मिळालं होतं, अंड्यातून काढलेलं. ते अंड्यात कुठे बनलं? कोंबडीच्या यकृतपेशीतल्या पटलातच ना? बांधकाम आपोआप होतं हे खरं, पण विटा भाजायची भट्टी त्याच विटांची आहे.

सूक्ष्मदर्शी

हे मात्र बिनतोड. भट्टीचं म्हणणं मी पूर्ण मान्य करतो आणि त्याला पुष्टीही देतो. शेवटच्या पायऱ्यांतले रेणू पाण्यात विरघळतच नाहीत. डायग्लिसराइड पटलाबाहेर राहूच शकत नाही, मग त्याच्यावर काम करणारं एन्झाइम पटलाबाहेर राहून करणार काय? आणि ते एन्झाइम स्वतः नीट घडी घालून बसायलाही पटल लागतं. जिवंत पेशीत पटल शून्यातून उभं राहिल्याचं आपल्या पाहण्यात नाही. पहिल्या पेशींच्या वेळी काय झालं असेल तो वेगळा विषय. तेव्हा साध्या मेदाम्लांच्या पिशव्या असाव्यात असा एक विचार आहे, त्या प्रयोगशाळेत बनवताही येतात.

आता तुम्ही न सांगितलेल्या दोन गोष्टी, कारण मला त्याच सगळ्यांत जास्त आवडतात.

एक. पेशीला कळतं कसं की आता आणखी बनवायला हवं? कोलीनला सायटिडीनवर चढवणारं जे एन्झाइम आहे, सीसीटी, ते या वाटेवरचं मोजमापाचं नाकं आहे. ते सुटं असतं तेव्हा सुस्त असतं. पटलात फॉस्फॅटिडिलकोलीन कमी झालं की वरची डोकी विरळ होतात, मधे फटी पडतात. सीसीटीला एक लांब पीळ आहे, एका बाजूने पाणी आवडणारा, दुसऱ्या बाजूने तेल आवडणारा. तो त्या फटीत जाऊन आडवा बसतो आणि एन्झाइम जागं होतं. माल पुरेसा झाला की फटी बुजतात, पीळ निघतो, काम मंदावतं. वरून हुकूम देणारा कुणी नाही. भिंतच गवंड्याला सांगते की इथे चिरा कमी आहे.

दोन. नवा रेणू जालिकेच्या पटलात एकाच पदरात, पेशीरसाच्या बाजूला बनतो. मग दुसरा पदर वाढणार कसा? रेणू आपल्या पदरात भराभर सरकतो, एका सेकंदात जिवाणूच्या लांबीइतकं अंतर तोडतो. पण एका पदरातून दुसऱ्यात कोलांटी मारणं त्याला फार जड, कारण पाणी आवडणारं डोकं तेलातून ओढून न्यावं लागतं. कुणाची मदत नसेल तर एखाद्या रेणूला ते महिन्यातून एकदाही जमत नाही. म्हणून जालिकेत स्क्रॅम्बलेज नावाची प्रथिनं असतात, ती दोन्ही पदरांत वाटणी करून देतात. बाहेरच्या पटलात मात्र उलट व्यवस्था. तिथे फ्लिपेज नावाची प्रथिनं ऊर्जा खर्चून फॉस्फॅटिडिलसेरीनला आतल्या पदरात कोंडून ठेवतात. पेशी मरणाला लागली की ही राखण सुटते, सेरीनवालं डोकं बाहेर दिसतं आणि भक्षकपेशी ती खूण ओळखून तिला गिळतात. रक्त गोठतानाही तीच खूण लागते : जखमेपाशी रक्तातल्या बिंबिका (प्लेटलेट) सेरीनचा पदर बाहेर उलटतात आणि गोठवणारी प्रथिनं त्यावर येऊन बसतात. रेणू तोच, एका पदरात गप्प आणि दुसऱ्या पदरात बोलका.

अबोली_पेडणे

मी नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात १४ वर्षं परिचारिका होते. हे सगळं वाचताना मला सारखी ती कुपी आठवत होती.

सातव्या-आठव्या महिन्यात झालेलं बाळ यायचं. दर श्वासाला बरगड्यांखालची कातडी आत खेचली जायची, नाकपुड्या फुलायच्या आणि श्वास सोडताना बारीक कण्हल्यासारखा आवाज यायचा. तो आवाज एकदा ऐकला की विसरत नाही. फ्रिजमधली कुपी काढून मुठीत धरून ऊब द्यायची, जोरात हलवायची नाही, फेस होतो. आत दुधासारखं पांढरं औषध. डॉक्टर ते नळीतून थेट श्वासनलिकेत सोडायचे. मग आम्ही मॉनिटरकडे बघत उभ्या. काही मिनिटांत ऑक्सिजनचा आकडा चढायला लागायचा, बाळाचा रंग बदलायचा. औषध गाईच्या किंवा डुकराच्या फुप्फुसातून काढलेलं असतं एवढंच आम्हाला शिकवलं होतं. त्यातही हेच फॉस्फोलिपिड असतं ना? कुणी नीट सांगेल का?

खाजनकाठ

अबोलीताई, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला.

हो, तेच. फुप्फुसाच्या वायुकोशांना आतून पाण्याचा पातळ थर असतो. पाण्याचा पृष्ठताण तो कोश मिटवायला बघतो. त्याला आवर घालणाऱ्या द्रवात साधारण ९० टक्के मेद असतात आणि त्यांत मोठा वाटा एका खास फॉस्फॅटिडिलकोलीनचा. खास अशासाठी की त्याच्या दोन्ही शेपट्या सरळ आहेत, १६ कार्बनांच्या. आपल्या नेहमीच्या पटलात एक शेपटी सरळ आणि एक वाकडी असते, म्हणून रेणू सैल बसतात आणि पटल वाहतं राहतं. इथे दोन्ही सरळ, त्यामुळे श्वास सोडताना कोश आक्रसला की रेणू खांद्याला खांदा लावून गच्च बसतात आणि पृष्ठताण जवळजवळ शून्यावर येतो. कोश मिटत नाही.

हे बनवणाऱ्या पेशी गर्भात उशिरा कामाला लागतात, पुरेसा साठा साधारण ३४-३५ आठवड्यांनी होतो. १९५९ मध्ये मेरी एलन एव्हरी आणि जेरे मीड यांनी दाखवलं की अशा बाळांच्या फुप्फुसात हाच द्रव कमी असतो. १९८० मध्ये जपानच्या फुजिवारांनी तो बाहेरून देऊन बाळं वाचवता येतात हे दाखवलं. मधे १९७२ साली न्यूझीलंडचे लिगिन्स आणि हॉवी यांनी प्रसूतीआधी आईला स्टेरॉइड देण्याचा उपाय पुढे आणला. त्या इंजेक्शनाने बाळाच्या फुप्फुसातल्या पेशी लवकर पिकतात आणि हा माल वेगाने बनवू लागतात. सूक्ष्मदर्शींनी वर सांगितलेलं सीसीटी आहे ना, त्याचाही वेग त्यात वाढतो. शिकागोच्या त्या भेसळीच्या एटीपीपासून तुमच्या मुठीतल्या कुपीपर्यंत हा एकच धागा आहे.

अबोली_पेडणे

सरळ शेपट्यांचं आज कळलं. एवढी वर्षं हातात धरत होते. माझ्या भावाचा मुलगा ३० व्या आठवड्यात झाला, वहिनीला आधी दोन इंजेक्शनं मिळाली होती. आता चौथीत आहे, नदीत पोहतो. आज त्याला हे दाखवणार.

तांबडी_माती

सत्तरीत माझं कुळागर आहे, शिवाय थोडी काजू. जीवशास्त्र दहावीपर्यंतच. मला यात फॉस्फेट दिसलं म्हणून विचारतो. आमच्या तांबड्या जांभ्याच्या मातीत फॉस्फेट घातलं तरी झाडाला पोचत नाही, माती धरून ठेवते, असं कृषी खात्याचे लोक सांगतात. मग झाडाच्या पेशींनी पटल बनवायचं कशाचं?

सूक्ष्मदर्शी

दादा, या धाग्यावरचा हा सगळ्यांत नेमका प्रश्न. जांभ्याच्या मातीतलं लोह आणि ॲल्युमिनियम फॉस्फेटला घट्ट धरतं, हे बरोबर. आणि फॉस्फोलिपिडांत अडकलेलं फॉस्फेट झाडाच्या दृष्टीने मोठी पुंजी आहे, डीएनए आणि एटीपीला ते हवं असतं. तर फॉस्फेटची टंचाई झाली की झाडं आपली फॉस्फोलिपिडं मोडायला लागतात. डायग्लिसराइडचा कणा ठेवतात आणि फॉस्फेटच्या जागी साखर बसवतात, गॅलॅक्टोजची एक-दोन कडी. डोकं पाणी धरणारंच राहतं, पटल टिकतं, फॉस्फेट मोकळं होतं. काही ठिकाणी गंधकवालं डोकंही लावतात. हिरव्या पानात हरितलवकांची पटलं तर मुळातच बहुतांशी साखरेच्या डोक्यांची असतात, तीच कला टंचाईत झाड बाकीच्या पटलांना लावतं. फॉस्फेट मिळालं की पुन्हा पूर्ववत. समुद्रातले वनस्पतिप्लवकही हेच करतात, जिथे पाण्यात फॉस्फेट कमी तिथे गंधकाचं डोकं. ते २००९ मध्ये प्रसिद्ध झालं.

तेव्हा उपाशी ठेवलेलं झाडही पटल बनवतं, पण ती तडजोड असते. खताची जागा ती घेत नाही.

तांबडी_माती

समजलं. म्हणजे सोनं गहाण ठेवून घर चालवणं. शेणखत नि पालापाचोळा आळ्यात घातला की फरक पडतो हा माझा अनुभव, ते चालूच ठेवतो.

बीएस्सी_दुसरं_वर्ष

बांगड्याबद्दल कुणी काहीच कसं बोललं नाही? आमच्या मॅडमनी सांगितलं होतं की माशातली ओमेगा-३ मेदाम्लं पटलात जातात. पण वर तर मेदाम्लं बनवतानाच बसवतात असं आलंय. मग खाल्लेलं नंतर कसं बसतं?

खाजनकाठ

छान पकडलंस. बनवून झालं म्हणजे संपलं असं नसतं. मधल्या कार्बनावरचं मेदाम्ल काढून तिथे दुसरं बसवायची सोय पेशीत आहे. १९५८ मध्ये विल्यम लँड्स यांनी ही अदलाबदल दाखवली, तिला लँड्स चक्र म्हणतात. बांगडा-तारल्यातलं डीएचए हे ओमेगा-३ मेदाम्ल, २२ कार्बनांचं आणि सहा दुहेरी बंधांचं, बहुधा याच जागी जातं. डोळ्याच्या पडद्यातल्या प्रकाशग्राही पेशींची पटलं आणि मेंदूतल्या चेतापेशींची पटलं त्याने समृद्ध असतात. ते इतकं वाकडंतिकडं असतं की पटल अगदी लवचिक राहतं आणि प्रकाश टिपणारी प्रथिनं त्यात चटकन हलतात. थंड पाण्यातले मासे याच युक्तीने गारठ्यात पटल गोठू देत नाहीत. खोबरेल थंडीच्या सकाळी बाटलीत गोठतं आणि माशाचं तेल पातळच राहतं, तो फरक शेपट्यांच्या वाकडेपणाचाच.

पोफळ

मी शाकाहारी. सोया लेसिथिनच्या गोळ्या घ्याव्यात का? जाहिरातीत म्हणतात मेंदूचं पटल भरून निघतं.

सूक्ष्मदर्शी

गोळीतलं लेसिथिन जसंच्या तसं मेंदूत जाऊन बसत नाही. आतड्यात मधलं मेदाम्ल तोडलं जातं, तुकडे आत शोषले जातात आणि आतड्याच्या पेशी पुन्हा जोडणी करतात. पुढे प्रत्येक अवयव आपल्या गरजेप्रमाणे बनवतो. खरी गरज असते कोलीनची. यकृत थोडं स्वतः बनवू शकतं : एथॅनॉलअमीनवाल्या फॉस्फोलिपिडाला तीनदा मिथाइल जोडून फॉस्फॅटिडिलकोलीन करतं, यकृतातला साधारण ३० टक्के वाटा या वाटेने येतो. तेवढ्याने सगळी गरज भागत नाही. अमेरिकेत १९९८ मध्ये प्रौढ पुरुषांसाठी दिवसाला ५५० मिलिग्रॅम आणि स्त्रियांसाठी ४२५ मिलिग्रॅम हे प्रमाण धरलं. एका मोठ्या अंड्यात जवळपास १५० मिलिग्रॅम मिळतं. तुमच्यासाठी सोयाबीन, शेंगदाणे, दूध, कडधान्यं आहेत.

कमी पडलं तर काय होतं ते १९३० च्या दशकात चार्ल्स बेस्ट यांनी प्राण्यांवर दाखवलं, इन्सुलिनच्या शोधातले तेच बेस्ट. यकृतात चरबी साचते. कारण यकृत चरबी बाहेर पाठवतं ती फॉस्फोलिपिडाच्या वेष्टनात बांधून. वेष्टन नसेल तर माल गोदामातच पडून राहतो. आणि खाजनकाठ यांनी सांगितलेला तिठा आठवा : कोलीन नसलं की डायग्लिसराइड चरबीच्याच वाटेला लागतं. दोन्हीकडून साठा वाढतो. यकृतात चरबी होण्याची कारणं पुष्कळ आहेत, सगळा दोष कोलीनवर घालू नये. पण डॉक्टरांनी फॅटी लिव्हर सांगितलं असेल तर गोळी घेण्याआधी त्यांनाच विचारा.

मिठाचा_आगर

आमचं घराणं आगरवाड्याचं, मीठ पिकवणारं. आता दोनच आगर उरलेत. सर, एक गोष्ट विचारायची होती. मार्चनंतर शेवटच्या वाफ्यात पाणी आटत आलं की त्याला गुलाबी झाक येते. आजोबा म्हणायचे, पाणी लाल झालं की मीठ धरणार. एकदा कॉलेजची मुलं बाटल्या भरून घेऊन गेली, म्हणाली यात जीव आहेत. एवढ्या मिठात कातडी टिकते कशी त्यांची?

खाजनकाठ

दादा, तुम्ही या धाग्यात सगळ्यांत मोठं खिंडार पाडलंत, आणि मी त्यासाठी ऋणी आहे. ते जीव आर्किया, जिवाणूंसारखेच एकपेशी पण वेगळ्या कुळातले. लाली त्यांच्या रंगद्रव्याची. आणि त्यांचं पटल आपल्या सगळ्यांपेक्षा वेगळं आहे. आपल्या फॉस्फोलिपिडात शेपट्या एस्टर बंधाने जोडलेल्या असतात, त्यांच्यात ईथर बंधाने, जो सहज तुटत नाही. शेपट्या मेदाम्लांच्या नाहीतच, आयसोप्रीनच्या फांद्याफांद्यांच्या साखळ्या आहेत. आणि सगळ्यांत अचंब्याची गोष्ट : ग्लिसरॉलचा कणा उलटा. आपला डावा हात आणि उजवा हात असतो ना, तसा आरशातला. झाडं, बुरशी, माणूस, जिवाणू, सगळे एका हाताचे. तुमच्या वाफ्यातले ते दुसऱ्या हाताचे.

म्हणजे माझी विरजणाची ओळ मागे नेली तर ती एका जागी मिळत नाही. दोन विरजणं दिसतात. त्याहून गुंतागुंत अशी की आपली पेशी ज्या दोन पूर्वजांच्या मिलनातून आली त्यातला यजमान आर्कियांच्या कुळातला आणि तंतुकणिका झालेला पाहुणा जिवाणूंच्या कुळातला मानला जातो, तरी आपलं पटल आज पाहुण्याच्या पद्धतीचं आहे. तंतुकणिका अजूनही सेरीनवाल्या रेणूतला एक कार्बन काढून एथॅनॉलअमीनवाला बनवते, अगदी जिवाणूंच्या रीतीने, आणि कार्डिओलिपिनही तिथेच बनतं. यजमानाचं जुनं विरजण कधी नि कसं बदललं, यावर अभ्यासकांत अजून वाद आहेत.

सूक्ष्मदर्शी

हेच लिहायला आलो होतो. आर्कियांचे मेद आणि आपले मेद एकाच पटलात मिसळले तर ते फुटत नाही, टिकतं, हे जिवाणूंत जनुकं घालून करून पाहिलेलं आहे. तेव्हा मधल्या काळात मिश्र पटल असलेली पेशी असणं अशक्य नव्हे. विरजणाची उपमा मला आता पहिल्यापेक्षा जास्त पटते. घरात दुसरं विरजण आलं की दोन-चार दिवस दही दोन्हींचं असतं.

खाजनकाठ

आज वर्गात सांगितलं. फळ्यावर जुनं चित्र पुसलं नाही, त्याच ओळीत मधे एक नवा रेणू खडूने घुसवला आणि त्याच्या पायाशी एन्झाइम काढलं. त्या मुलीने वहीत ते उतरवून घेतलं आणि तास संपल्यावर विचारलं, "सर, ते गुलाबी पाणी बघायला मिळेल?"

आगरवाले दादा, परीक्षा संपल्यावर १५-१६ मुलांना घेऊन आलो तर चालेल का? शाळेतला सूक्ष्मदर्शक सोबत आणीन.

मिठाचा_आगर

या की. एप्रिलात या, त्याआधी रंग धरत नाही. ऊन चढल्यावर, अकराच्या पुढे. बांधावरून चालायचं, वाफ्यात उतरायचं तर चपला काढून, तळाची चिकणमाती आम्ही हाताने चोपून बसवलेली असते. पिण्याचं पाणी बरोबर घ्या, तिथे सावली नाही. परतताना मुलांना मूठ-मूठ मीठ देईन.